हायड्रोजन खाणारे जिवाणू आणि गोठ्यातली पेंड

वाळवा तालुक्यातल्या आमच्या गावी संध्याकाळची धार काढण्याआधी घमेल्यात सरकी पेंड भिजत घालायची, हा वर्षानुवर्षांचा परिपाठ आहे. पेंड पाणी पिऊन फुगते, तिचा उग्र वास गोठाभर पसरतो आणि म्हैस दाव्याला ओढ देऊ लागते. गेल्या दिवाळीत त्या घमेल्याशेजारी बसून मी शेजारच्या आबांना सांगत होतो की, फिनलंडमधला एक कारखाना आपल्या श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड आणि पाण्यातून काढलेला हायड्रोजन जिवाणूंना खाऊ घालतो आणि त्या जिवाणूंपासून प्रथिनांची पूड तयार करतो. आबांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "हवेपासनं पेंड हुती म्हणतोस, तर मग हे जनावर हवाच का खात न्हाई?"

या विषयाचा गाभा याच प्रश्नात आहे, म्हणून त्याचे उत्तर सावकाश द्यायला हवे. लाकूड जळते तेव्हा त्यातला कार्बन हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, ऊर्जा उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते आणि कार्बन डायऑक्साइड मागे राहतो. म्हणजे हा वायू ही एका अर्थाने जळून गेलेल्या कार्बनची राखच आहे. राखेने चूल पेटत नाही, तसे कार्बन डायऑक्साइडने कोणाचे पोट भरत नाही. त्यापासून पुन्हा अन्न घडवायचे, तर जळताना जेवढी ऊर्जा निघून गेली, तेवढी आणि वर थोडी जास्त, बाहेरून आणून घालावी लागते. उसाचे पान ती ऊर्जा उन्हातून घेते. जनावराला ती सोय नसल्यामुळे पानाने साठवलेली ऊर्जा त्याला चाऱ्यातून आणि पेंडीतून मिळवावी लागते. वायू-किण्वनात, म्हणजे जिवाणूंना वायू खाऊ घालून अन्न बनवण्याच्या या पद्धतीत, ही ऊर्जा हायड्रोजनमधून येते.

हायड्रोजनवर जगणारे जिवाणू प्रयोगशाळेत जन्माला आलेले नाहीत. ते साध्या मातीत राहतात आणि शास्त्रज्ञांना त्यांची ओळख १९०६ पासून आहे. त्यांपैकी सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला जिवाणू म्हणजे क्युप्रिअॅव्हिडस नेकेटर. फिनलंडमधली सोलर फूड्स ही कंपनी झँथोबॅक्टर कुळातला एक जिवाणू वापरते. अशा जिवाणूंच्या अंगी हायड्रोजिनेज नावाचे विकर, म्हणजे एन्झाइम, असते. ते हायड्रोजनचा रेणू फोडते, त्यातून सुटलेले इलेक्ट्रॉन श्वसनाच्या साखळीतून ऑक्सिजनपर्यंत पोहोचवले जातात आणि वाटेत मिळालेल्या ऊर्जेवर जिवाणू कार्बन डायऑक्साइडपासून शर्करा, शर्करेपासून अमिनो आम्ले आणि अमिनो आम्लांपासून प्रथिने तयार करतो. कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी तो ज्या रासायनिक चक्राचा उपयोग करतो, त्याला केल्विन चक्र म्हणतात आणि तेच चक्र उसाच्या, सोयाबीनच्या, हळदीच्या पानातही फिरत असते. पानाला ऊर्जा उन्हाकडून मिळते, जिवाणूला ती हायड्रोजनकडून मिळते, एवढाच मोठा फरक. मला या शास्त्रातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते.

प्रथिनाला नायट्रोजनही लागतो आणि तो अमोनियाच्या रूपात द्यावा लागतो. रानात टाकलेल्या युरियातला मोठा वाटा पाण्याबरोबर जमिनीखाली उतरतो किंवा हवेत उडून जातो. बंद टाकीत मात्र मोजून दिलेला अमोनिया जवळजवळ सगळा जिवाणूंच्या अंगी लागतो. कृष्णाकाठची क्षारपड झालेली, पांढरी पडलेली जमीन ज्यांनी पाहिली आहे, त्यांना या फरकाचे मोल वेगळे सांगायला नको.

किण्वन म्हटले की आपल्याला दही आठवते आणि तुलना बऱ्याच अंशी चालतेही. दुधाला विरजण लावावे, तसे टाकीतल्या क्षारयुक्त पाण्याला थोडे जिवाणू लावतात. काही तासांत ते दुप्पट, पुढच्या काही तासांत चौपट होतात. मग जेवढे द्रावण काढून घ्यावे, तेवढे नवे पाणी आणि क्षार टाकीत सोडत राहायचे. दूध काढून घेतल्यावर कास जशी पुन्हा भरते, तशी ही टाकी दिवसरात्र भरत राहते. पाऊस लांबलेला असो वा बाहेर गारपीट होवो, टाकीत त्याची झळ पोहोचत नाही.

अडचण वेगळीच आहे आणि ती पाण्यात वायू विरघळवण्याची आहे. एक लिटर पाण्यात साखर जवळजवळ दोन किलो विरघळते. त्याच पाण्यात नेहमीच्या तापमानाला आणि दाबाला हायड्रोजन विरघळतो तो दीड मिलिग्रॅमच्या आसपास. मळीवर यीस्ट वाढवताना अन्न पाण्यात आधीच विरघळलेले असते. येथे भुकेले जिवाणू पाण्यात आहेत, अन्न बुडबुड्यात अडकलेले आहे आणि बुडबुडा काही क्षणांत वर येऊन फुटणार आहे. म्हणून सारे अभियांत्रिकी कौशल्य बुडबुडा लहान करण्यात खर्च होते. ज्वारीच्या दाण्याएवढ्या एका बुडबुड्यातला वायू राजगिऱ्याच्या दाण्यांएवढ्या बुडबुड्यांत वाटला, तर साधारण ६४ बुडबुडे होतात, वायू तेवढाच राहतो, पण पाण्याला भिडणारा पृष्ठभाग चौपट होतो. शिवाय लहान बुडबुडा हळू चढतो, त्यामुळे विरघळायला त्याला वेळही अधिक मिळतो. यासाठी टाक्या उंच बांधतात, आत दाब वाढवतात, द्रावण जोराने घुसळतात, आणि या प्रत्येक उपायाला वीज लागते.

दुसरी अडचण सुरक्षिततेची. जिवाणूंना हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोन्ही एकाच वेळी हवे असतात आणि या दोन वायूंचे मिश्रण ठिणगी पडताच स्फोट पावते. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले तरी ते पेट घेऊ शकते. त्यामुळे असा कारखाना म्हणजे दुग्धशाळा आणि रसायनांचा कारखाना यांचे मिश्रण असते. स्वच्छता पहिल्याची हवी आणि खबरदारी दुसऱ्याची.

टाकीतून काढलेले द्रावण यंत्रात वेगाने फिरवून जिवाणू वेगळे करतात, त्यांना तापवून मारतात आणि वाळवतात. जी पूड हाती येते, ती सांगलीच्या हळदीपेक्षा बरीच फिकट, पण पिवळीच असते. तिच्यात ६५ ते ७० टक्के प्रथिने असतात. सोयाबीनच्या दाण्यात हे प्रमाण ४० टक्क्यांच्या आसपास आणि तूरडाळीत २२ टक्क्यांच्या आसपास असते. सिंगापूरने ही फिनलंडची पूड माणसांच्या आहारात वापरायला २०२२ मध्ये परवानगी दिली आणि २०२४ मध्ये फिनलंडमधल्या वांता येथे वर्षाला १६० टन क्षमतेचा कारखाना सुरू झाला.

जिवाणू खायचे, या कल्पनेनेच अनेकांच्या अंगावर काटा येतो. त्यांच्यासाठी पुन्हा गोठ्यातच जाऊ. गाय किंवा म्हैस जो चारा खाते, तो आधी तिच्या कोटीपोटात, म्हणजे पहिल्या मोठ्या पोटात, जातो. तेथे अब्जावधी सूक्ष्मजीव त्या चाऱ्यावर वाढतात, पुढे ते चौथ्या पोटात ढकलले जातात आणि तेथे पचवले जातात. जनावराच्या अंगी लागणाऱ्या प्रथिनांपैकी निम्म्याहून अधिक वाटा या सूक्ष्मजीवांच्या शरीरातून आलेला असतो. म्हणजे आपण सकाळी जो पेला भरून दूध पितो, त्यातले प्रथिन बरेचसे जिवाणूंनी घडवलेल्या अमिनो आम्लांचेच असते. मध्ये फक्त म्हैस असते. जीवनसत्त्व बी-१२ तर झाडे किंवा जनावरे बनवूच शकत नाहीत, ते सूक्ष्मजीवच बनवतात.

याचा अर्थ सारे निर्धोक आहे, असा नाही. झपाट्याने वाढणाऱ्या जिवाणूंच्या शरीरात न्यूक्लिक आम्ले भरपूर असतात. ती पचली की माणसाच्या शरीरात यूरिक आम्ल तयार होते आणि ते वाढले तर सांध्यांत साचून गाऊट जडतो, मुतखडा होतो. बहुतेक सस्तन प्राण्यांत यूरिक आम्ल पुढे मोडून टाकणारे विकर असते, माणसात ते नाही. त्यामुळे जनावराला जे खुशाल चालेल, ते माणसाला देण्याआधी उष्णतेची प्रक्रिया करून न्यूक्लिक आम्ल कमी करावे लागते किंवा रोजचे प्रमाण मर्यादित ठेवावे लागते. शिवाय काही जिवाणूंच्या बाह्य आवरणात विषारी घटक असू शकतात, काहींना नव्या प्रथिनाची अॅलर्जी येऊ शकते. भारतात अशा नव्या अन्नपदार्थाला अन्नसुरक्षा आणि मानके प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची, आगाऊ मंजुरी लागते आणि त्यासाठी २०१७ पासून स्वतंत्र नियम आहेत. ही चाळणी बारीकच असावी, असे माझे मत आहे.

या कल्पनेला आधीही एकदा दिवस आले होते. १९६० च्या दशकात अंतराळवीरांच्या दीर्घ प्रवासासाठी नासाने हायड्रोजन खाणाऱ्या जिवाणूंचा अभ्यास करवून घेतला आणि १९६६ मध्ये एकपेशीय प्रथिन, म्हणजे सूक्ष्मजीवांपासून मिळवलेले प्रथिन, हा शब्दप्रयोग अमेरिकेत रूढ झाला. जगात प्रथिनांचा तुटवडा पडणार, ही त्या काळची मोठी चिंता होती. आमच्याकडे तर १९७२ चा दुष्काळ त्याच सुमाराला पडला. माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतली माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत होती आणि सुकडी व परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी खाऊन दिवस काढत होती. पुढे १९८० च्या सुमारास इंग्लंडमधल्या बिलिंगहॅम येथे आयसीआय कंपनीने नैसर्गिक वायूपासून केलेल्या मिथेनॉलवर जिवाणू वाढवून पशुखाद्य करणारा प्रचंड कारखाना उभारला. त्यातली एकच टाकी १५ लाख लिटरची होती. तंत्र चालले, जनावरांनी खाद्य खाल्ले, पण सोयाबीनची पेंड स्वस्त आणि कच्चा माल महाग ठरल्यामुळे काही वर्षांत कारखाना बंद पडला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो, कारण आजही निकाल सोयाबीनच्या भावाशीच लागणार आहे.

मिथेन वायूवर वाढणारे जिवाणूही आहेत. त्यांच्यापासून मासे आणि कोळंबीचे खाद्य बनवण्याचे काम चीनमध्ये मोठ्या प्रमाणावर सुरू झाले आहे आणि बंगळूरची स्ट्रिंग बायो ही कंपनीही त्याच वाटेवर आहे. परंतु जमिनीतून काढलेला नैसर्गिक वायू वापरला, तर जुन्या खनिज इंधनावरचेच अवलंबन उरते. गोबरगॅसमधला मिथेन वापरता येईल खरा, पण घरचा गोबरगॅस चुलीत जळून सिलिंडर वाचवत असेल, तर त्याचा तोच उपयोग मला अधिक शहाणपणाचा वाटतो.

आता आपल्या भागाचा हिशेब मांडू. सांगली आणि सातारा हे साखर कारखान्यांचे जिल्हे आहेत आणि अनेक कारखान्यांना डिस्टिलरी जोडलेली आहे. मी एकदा अशा डिस्टिलरीत फर्मेंटरच्या जाळीवर उभा होतो. खाली मळीच्या रसाला गच्च तपकिरी फेस आला होता आणि संपूर्ण टाकी उकळत असल्यासारखी खदखदत होती, पण हात लावला तर ती जेमतेम कोमट होती. मी आत डोकावणार तोच पाळीवरच्या कामगाराने दंडाला धरून मागे ओढले आणि म्हणाला, "वाकू नका साहेब, आत हवा नसते, गॅस असतो." तो खदखदणारा गॅस म्हणजे कार्बन डायऑक्साइड. यीस्ट साखर खाते तेव्हा ९२ ग्रॅम इथेनॉलमागे ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड तयार होतो, म्हणजे वजनाने जवळजवळ निम्मा माल वायू होऊन बाहेर पडतो. हा वायू बऱ्यापैकी शुद्ध असतो आणि तो उसाने हवेतूनच घेतलेला असल्यामुळे जमिनीतला नवा कार्बन त्यातून हवेत येत नाही.

समजा, एक डिस्टिलरी रोज ६० हजार लिटर इथेनॉल काढते. तिच्यातून रोज सुमारे ४५ टन कार्बन डायऑक्साइड निघेल. एक किलो जिवाणूंची पूड तयार व्हायला साधारण १.९ किलो कार्बन डायऑक्साइड आणि ०.४४ किलो हायड्रोजन लागतो. सगळा वायू पकडता आला, तर रोज २४ टन पूड, म्हणजे साडेपंधरा टनांच्या आसपास प्रथिने मिळतील. एवढी प्रथिने ३९ टन सोयाबीनमध्ये असतात. एकरी दहा क्विंटल उतारा धरला, तर रोज ३९ एकरांचे पीक झाले आणि वर्षातले ३०० दिवस धरले, तर जवळजवळ ११,७०० एकरांचे.

येथपर्यंतचे आकडे ऐकून कोणीही हरखून जाईल, पण हिशेबाची दुसरी बाजू विजेची आहे. पाण्यातून एक किलो हायड्रोजन काढायला ५० ते ५५ युनिट वीज लागते. २४ टन पुडीसाठी रोज साडेदहा टन हायड्रोजन हवा, म्हणजे रोज साडेपाच लाख युनिट. हे अखंड २३ मेगावॅट झाले. हंगामात चिपाड जाळून एखादा बऱ्यापैकी मोठा साखर कारखाना जेवढी वीज महावितरणला विकतो, जवळपास तेवढी सगळी वीज एकट्या हायड्रोजनला लागेल. पाणी मात्र नगण्य लागते. पुडीच्या एका किलोमागे विघटनासाठी चार लिटर पाणी लागते आणि जिवाणूंच्या श्वसनातून त्यातले बरेचसे पुन्हा तयारही होते.

यावरून मला जे कळले ते असे, की या प्रथिनाला हवेचे प्रथिन म्हणणे दिशाभूल करणारे आहे. ते विजेचे प्रथिन आहे. कार्बन डायऑक्साइड आपल्याकडे ओसंडून वाहतो आहे, जिवाणू मातीत आहेत, पाणी थोडे पुरते. वीज कोळशाची असेल, तर सारा खटाटोप उलटा पडेल, कारण पुडीत जितका कार्बन बांधला जाईल, त्याच्या कितीतरी पट औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडेल. वीज सौर किंवा पवनऊर्जेची असेल, तरच पुढचे बोलता येते. उसाचे पान उन्हातल्या ऊर्जेपैकी जेमतेम एक टक्का अन्नाच्या रूपात साठवते, सौर पॅनेल सुमारे वीस टक्के विजेत बदलते, आणि म्हणूनच मधल्या टप्प्यांवरची गळती धरूनही गणित जमते. एक मेगावॅटच्या सौर प्रकल्पाला साधारण चार एकर जागा लागते आणि तो दिवसाला चार हजारांवर युनिट देतो. साडेपाच लाख युनिटसाठी सव्वापाचशे एकर, घुसळणे, थंड करणे, वाळवणे यांची वीज धरून साडेसहाशे एकर म्हणू. सोयाबीनच्या रानात रब्बीचे दुसरे पीकही निघते, तेल वेगळे मिळते, हे सगळे वजा केले तरी जमिनीची बचत दहा पटींच्या घरात जाते. २०२१ मध्ये युरोपातल्या आणि इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी केलेल्या तपशीलवार मांडणीतही, तेवढ्याच जमिनीवर कोणत्याही मुख्य पिकापेक्षा दहा पटींहून अधिक प्रथिने मिळू शकतात, असाच निष्कर्ष निघाला होता.

साडेसहाशे एकर काळी जमीन पॅनेलखाली घालावी, असे मात्र मी कधीच म्हणणार नाही. माणदेशातल्या मुरमाड माळांवर, जेथे पाचशे मिलिमीटर पाऊस पडला तरी तो चांगला म्हणतात, तेथे ऊन हेच खात्रीचे पीक आहे. चाळकेवाडी आणि वनकुसवडेच्या पठारांवर पवनचक्क्या आहेतच आणि पावसाळ्यात सौर वीज मंदावते, तेव्हा त्या जोरात फिरतात. तरीही रात्रीचा प्रश्न उरतो. जिवाणूंना दिवसरात्र हायड्रोजन लागतो, त्यामुळे दुपारी तयार केलेला हायड्रोजन दाबाखाली साठवून ठेवण्याची सोय करावी लागेल आणि ती स्वस्त नाही.

शेवटी पैशाचे बोलू. २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये आहे. त्या भावाने सोयाबीनमधले एक किलो प्रथिन, तेलाची किंमत वेगळी न काढता, १३३ रुपयांना पडते. वायूच्या पुडीसाठी पाच रुपये युनिटची वीज घेतली, तर एक किलो प्रथिनामागे नुसत्या हायड्रोजनच्या विजेचे १७७ रुपये होतात. तीन रुपये दर धरला तर १०६ आणि दोन रुपये धरला तर ७१. म्हणजे दोन रुपयांच्या आसपास अखंड वीज मिळाली, तर यंत्रे, अमोनिया, मजुरी, व्याज या सगळ्यांसाठी ६२ रुपये उरतात आणि स्पर्धा सुरू होऊ शकते. त्याआधी नाही. प्रत्यक्षात अनेकदा बाजारात सोयाबीन हमीभावाच्याही खाली विकले जाते, त्या दिवशी ही दरी आणखी रुंद होते. आणि ती ज्या दिवशी बुजेल, त्या दिवशी पेंडीचा भाव पडेल. म्हैस पाळणाऱ्याला त्याचा आनंद होईल, सोयाबीन करणाऱ्याला होणार नाही, आणि आमच्याकडे बहुतेक घरांत ही दोन्ही माणसे एकच असतात. म्हणून असे प्रकल्प उभे राहायचेच असतील, तर ते सहकारी डिस्टिलरीच्या आवारात, सभासदांच्या मालकीचे असावेत, असे मला मनापासून वाटते. पहिले गिऱ्हाईकही गाय-म्हैस नसावी, कारण तिच्या पोटात हा कारखाना आधीच चालू आहे. कोंबडी आणि मासा यांना ती सोय नसते, त्यांना तयार प्रथिनच द्यावे लागते.

आबांना हे सगळे सांगायला दोन संध्याकाळी लागल्या. दुसऱ्या दिवशी धार काढून झाल्यावर त्यांनी रिकामे घमेले विसळून उपडे घातले आणि विचारले, "दोन रुपयानं ईज आपल्याला कवा मिळायची?" मी त्यांना माळावरच्या सौर प्रकल्पांच्या निविदांमधले अडीच-तीन रुपयांचे दर सांगितले. ते फक्त उन्हाच्या वेळचे दर आहेत, हेही सांगितले.